इवायांची साके

माझी लेक जपानमध्ये नोकरीला आहे. तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचंय असं तिनं फोनवर सांगितलं, तेव्हा तिच्या आईनं फोन स्पीकरवर टाकून ओट्याला टेकवून ठेवला होता आणि ती चपात्या लाटत होती. लाटणं थांबलं. मी आपल्याकडचा पहिला प्रश्न विचारला, "घरी कोण कोण असतंय?"

आई-वडील, एक थोरली बहीण, ती लग्न होऊन दुसऱ्या गावी. डोंगराच्या पायथ्याला थोडी भातशेती. "आणि वडील थंडीत साके करायला जायचे. आता थांबलेत."

"साके म्हणजे?"

"तांदळाची दारू, पप्पा."

तव्यावरची चपाती करपली. बायको एवढंच म्हणाली, "दारू गाळणाऱ्याच्या घरात?" आणि गॅस बंद करून आत गेली.

तिचं चुकत नव्हतं. तिच्या माहेरी दारूनं एक माणूस खाल्ला होता, तिचा थोरला भाऊ. चांगला पैलवान गडी, बहिणीला घ्यायला यायचा तर सायकलवर नारळाचं पोतं टाकून यायचा. शेवटी शेवटी त्याला स्वतःच्या घराची पायरी चढता येत नव्हती. आमच्या लग्नानंतर तिनं मला एकच अट घातली होती, बाटली घरात यायची नाही. ती मी पाळली. शिरोळला माझ्या मित्राची नदीकाठची मळी आहे, तिथं आमचं रस्सा मंडळ महिन्यातून एकदा बसतं. तिथं काय व्हायचं ते तिथंच राहायचं.

भावकीत विचारणा झाली तेव्हा मी सांगितलं, "भातशेती हाय त्यांची. तांदळातलीच माणसं हाईत." आमचं शाहूपुरीत तांदळाचं दुकान आहे, वडिलांनी घातलेलं. त्यामुळं सगळ्यांना ते पटलं. सोयरीक धंद्याला धरून झाली म्हणाले.

लग्न तिकडं रजिस्टर झालं. पुढच्या थंडीत इकडं नातेवाइकांना जेवण द्यायचं ठरलं आणि लेक, जावई, इवाई, विहीणबाई अशी चौघं पुण्याहून गाडीनं आली. इवाई, म्हणजे जावयाचे वडील, बुटके, काटक, उन्हानं रापलेले. आपल्याकडच्या एखाद्या पाणी पाजायला निघालेल्या शेतकऱ्यासारखे दिसत होते. पण हातात हात घेतला तर तळवा लहान मुलासारखा मऊ. मी चमकून लेकीकडं बघितलं. ती म्हणाली, "साकेच्या कामातल्या सगळ्यांचे हात असेच होतात, पप्पा. जन्मभर वाफेत आणि भातात."

जावयानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मामा, जेवलासा का?" गाडीतून आत्ता उतरलेल्या माणसानं यजमानाला हे विचारलं म्हणून सगळे हसले आणि अवघडलेपण जरा सुटलं.

ते पुन्हा आलं ते भेटवस्तू देताना. इवायांनी निळ्या कापडात बांधलेलं एक जड पुडकं काढलं, कमरेत वाकून दोन्ही हातांनी माझ्या बायकोपुढं धरलं. तिनंही पदर सावरून दोन्ही हातांनी घेतलं. गाठ सोडली. आत दोन बाटल्या होत्या.

लेकीचा चेहरा उतरला. तिनं त्यांना आधी सांगायला हवं होतं, पण कसं सांगायचं तेच तिला सुचलं नसावं. त्या माणसानं आपल्या शेवटच्या हंगामात केलेली साके हजारो मैल कपड्यांत गुंडाळून आणली होती.

बायकोनं बाटल्यांकडं बघितलं, मग इवायांच्या वाकलेल्या मानेकडं. "ठेवायची कुठं ही?" तिनं विचारलं.

"गार ठेवावी लागते. फ्रीजमध्ये," लेक हळूच म्हणाली.

"दह्याशेजारी?"

"खालच्या कप्प्यात ठेव की, भाजीच्या."

अशी आमच्या घरात पहिल्यांदा दारू आली आणि कोथिंबिरीच्या जुडीखाली आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई आमच्या देवघरापुढं उभ्या राहिल्या. दोनदा वाकल्या आणि दोनदा टाळ्या वाजवल्या. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, काय पडलं म्हणून. मग विहीणबाईंनी लेकीला काहीतरी विचारलं, पण लेक ते सांगायला तयार होईना. खोदून विचारल्यावर म्हणाली, "त्या विचारतायत, देवापुढं साकेची छोटी वाटी ठेवू का. त्यांच्याकडं ठेवतात."

बायकोनं देवघराकडं बघितलं. "आमच्या अंबाबाईला चालत न्हाय म्हणावं." मग तिच्यातला खरेपणा जागा झाला. "माझ्या माहेरच्या म्हसोबाला चालती. पण त्यो रानात असतोय."

हे भाषांतर होऊन पोचल्यावर विहीणबाईंनी मान डोलावली. जशी माणसांची, तशी देवांचीही आपापली सवय असणार, हे त्यांना पटलेलं दिसलं. त्यांनी ओट्यावरच्या वाटीत पाणी घेतलं आणि तेच देवापुढं ठेवलं. बायकोला ते फार आवडलं. त्या दिवसापासून दोघींचं एकमेकींच्या भाषेवाचून चालायला लागलं.

आम्हा दोघा बाप्यांचं मात्र काही जमत नव्हतं. सोफ्याच्या दोन टोकांना बसून आम्ही एकमेकांकडं बघून हसायचो आणि चहा प्यायचो. शेवटी मी म्हटलं, दुकानात तरी नेऊ.

दुकानात आल्यावर इवायांचा चेहराच बदलला. पोत्यांच्या थप्प्यांमधून ते देवळात फिरावं तसे फिरले. नमुन्याच्या ताटल्या मांडलेल्या असतात तिथं थांबले, परवानगी मागितली आणि एकेक मूठ घेऊन दाराच्या उजेडात गेले. तळहातावर दाणे पसरायचे, एका बोटानं बाजूला सारायचे, एखादा दातांखाली फोडायचे. आम्हीही हेच करतो. माझे वडील अगदी असंच डोकं तिरकं करायचे.

एका ताटलीशी त्यांचा हात थांबला. तो माल मी आदल्या दिवशी नाकारलेला होता, परत जायचा होता. त्यातले काही दाणे त्यांनी वेचून माझ्या हातावर ठेवले आणि भराभरा बोलायला लागले. धंद्यातले शब्द लेकीला अडले की जावई ते इंग्रजीत सांगायचा, मग लेक मराठीत.

त्या दाण्यांच्या पोटात पांढरा ठिपका होता. आमच्या धंद्यात हा दोष. असा तांदूळ गिरणीत तुटतो, शिजवला की पीठ होतो, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पोतं परत आणून टाकतं. मी तसं सांगितलं. इवाई मान हलवत हसले. त्यांच्याकडं साकेचा उत्तम तांदूळ ओळखायचा तो ह्याच ठिपक्यावरून. त्याला ते दाण्याचं काळीज म्हणतात. दाणा वरून घासत जायचा, कधी कधी निम्म्याहून जास्त घासून टाकायचा, आणि हे काळीज उरवायचं. ते भुसभुशीत असतं, म्हणून बुरशीला आत शिरायला वाट मिळते.

"बुरशी?" मी विचारलं.

"कोजी," ते म्हणाले. वाफवलेल्या भातावर ते हिरवट पीठ भुरभुरतात, उबदार खोलीत ठेवतात आणि तान्ह्या मुलासारखं त्याला सांभाळतात. हेच त्यांचं काम होतं. भात लाकडी ट्रेमध्ये हातानं मोकळा करायचा, गरम झाला की पसरायचा, गार झाला की गोळा करायचा.

मी ते दाणे खिशात टाकले. मग शेल्फवरचा चंदगडचा घनसाळ, आमच्याकडचा वासाचा तांदूळ, काढून त्यांच्यापुढं धरला, म्हटलं, आता ह्याची साके कशी होईल ते सांगा. माझ्या मनात होतं की ते तोंडभरून कौतुक करतील. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा वास घेतला. मग लेकीमार्फत उत्तर आलं, "होणार नाही. दाणा फार बारीक आहे. घासायला गेलं तर हातात काही उरणार नाही आणि वासही जाईल. हा खायचा तांदूळ आहे."

खोटं न बोलणारं गिऱ्हाईक आणि खोटं न बोलणारा व्यापारी, दोन्ही मला दुर्मिळ वाटतात. त्या दिवशी दुपारी घरी घनसाळाचा भात झाला. इवायांनी तो नुसता, वर काहीही न घेता, दोनदा मागून खाल्ला.

रविवारी रस्सा मंडळानं आम्हाला शिरोळला बोलावलं, भाषांतराला लेक आणि जावईही बरोबर. निघताना बायकोनं स्वतः फ्रीज उघडला आणि एक बाटली माझ्या हातात दिली. "पावण्यांनी एवढ्या लांबनं आणलीया. न चाखता परत पाठवायची का? पण शुद्धीत या."

मळीत ऊस तुटून चालला होता आणि बांधाला मित्राचं गुऱ्हाळ पेटलेलं होतं. मंडळाचे चौघं आधीच आले होते. चुलवणावर मटण शिजत होतं. "या पावणं, या! बसा!" मित्र एवढ्या मोठ्यानं ओरडला की इवाई आधी दचकले आणि मग तेवढ्याच मोठ्यानं जपानीत काहीतरी ओरडले. तिथंच दोस्ती झाली.

बाटली उघडली. मित्रानं सवयीनं आपल्या ग्लासात बर्फ टाकला, अर्धा सोडा ओतला आणि मग साके. जावयानं डोळे झाकून घेतले. इवायांनी तो ग्लास मागून घेतला, एक घोट घेतला आणि लेकीकडं वळून काहीतरी सांगितलं. लेक म्हणाली, "ते म्हणतायत, सोडा चांगला आहे."

सगळे पोट धरून हसले. मित्रानं ग्लास बाजूला ठेवला. "बरं, तुमी सांगा, तसं घेऊ."

पहिला नियम त्यांनी असा सांगितला की आपल्या पेल्यात आपण ओतायची नाही. शेजाऱ्यानं ओतायची, आपण शेजाऱ्याला. पेले म्हणून आमच्याकडं चहाचे कप होते. आमच्यातला एक गडी दरवेळी आम्हाला उचलून गाडीत घालावा लागायचा. त्याचा कप रिकामा झाला, तर तो इकडं तिकडं बघत बसला. कुणाचं लक्षच नव्हतं. "अरं, वता की रं कुणीतरी!" तो केविलवाणा होऊन म्हणाला. त्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला.

मी पहिला घोट घेतला तेव्हा घसा जळायची तयारी ठेवूनच घेतला. काही जळलंच नाही. पाण्यासारखी आत गेली, आणि ती गेल्यावर तोंडात एक वास उमलला. फळाचा, हे नक्की.

"केळं," एक जण म्हणाला.

"न्हाय, चिबूड. पिकल्यालं चिबूड."

"अरं पण घातल्यात तर नुसतं तांदूळच न्हवं?"

चिबूड म्हणजे काय हे लेकीला इवायांना सांगता येईना. तिनं फोनवर फोटो दाखवला. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, बरोबर, त्यांच्या गावातही जुनी माणसं ह्या साकेला खरबुजाचा वास येतो म्हणतात. मंडळाच्या लोकांना एवढा आनंद झाला की जणू परीक्षा पास झाली.

मग मित्रानं मला जे विचारायचं होतं तेच विचारलं. "तांदूळ काय गोड न्हाय. मग दारू हुती कशी?"

इवाई उठून गुऱ्हाळाच्या काहिलीपाशी गेले. उकळता रस दाखवून म्हणाले, "तुमचा ऊस नशीबवान. पिळला की गोड. द्राक्षंही तशीच. तांदळाला कुणीतरी आधी गोड करावं लागतं. ते काम कोजी करते." मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. एकाच पिंपात एकीकडं भाताची साखर होत असते आणि दुसरीकडं त्याच साखरेची दारू. एक पुढं पळाली तर दुसरीला ओढायची, थंडी वाढवायची, कमी करायची. म्हणून ते काम थंडीतलं. म्हणून भातं काढून झाली की ते घर सोडून जायचे आणि वसंतात परत यायचे.

"म्हंजी आमच्या ऊसतोडणीच्या लोकांगत," मित्र म्हणाला. लेकीनं ते सांगितलं. इवायांनी पलीकडच्या फडाकडं, तिथल्या झोपड्यांकडं बघितलं आणि मान हलवली.

मटण शिजेपर्यंत त्यांनी उरलेली साके स्टीलच्या तांब्यात ओतली आणि तांब्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. मधून मधून उचलून त्याच्या बुडाला बोटांची टोकं लावून बघत होते. थर्मामीटर तेच. गरम झालेली साके कपात आली तर ती वेगळीच वस्तू होती. चिबूड कुठल्या कुठं गेलं होतं. आता तिला भाताचा वास येत होता, चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढल्यावर पहिल्या वाफेला येतो तो. मी उभा जन्म तांदळात काढलाय आणि तो वास मला पेल्यातून येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी बराच वेळ न पिता कप नाकाशी धरून बसलो.

तांबड्या रश्श्यापुढं मात्र तिचं काही चाललं नाही. एक भुरका मारला आणि साकेचा पत्ताच लागेना. इवायांना तर ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. पण पांढऱ्या रश्श्याबरोबर तिचं असं जमलं, की वाटावं दोघी एकाच चुलीवरच्या आहेत. खोबरं, खसखस, मटणाचं पाणी आणि गरम साके. इवायांनी कपात फारसं घेतलं नाही, पण पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवल्या.

घरी आलो तर बायको दारातच होती. तिनं आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडं निरखून बघितलं आणि आत जाऊन चहा टाकला.

इवायांच्या सामानात कोजीची एक सुकी पुडीही होती. परतायच्या आधी त्यांना बायकोसाठी काहीतरी करायचं होतं, जे ती घेऊ शकेल. भात आणि कोजी गरम ठेवली की दिवसभरात एक गोड पेय होतं, त्यात दारू नसते. तांदूळ कुठला, तर ते हट्टानं घनसाळ म्हणाले.

पहिल्या दिवशी फसलं. आमच्या राइस कुकरवर त्यांनी भरवसा ठेवला आणि तो फार तापला. संध्याकाळी झाकण काढलं तर आत नुसता गचका भात. जन्मभर हेच केलेला माणूस, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. बायको म्हणाली, "सांग त्यांना, दुसऱ्याच्या चुलीवर पहिला स्वयंपाक बिघडतोयच. माझा सासरी आल्यावर बिघडला हुता." आणि पुडीतली निम्मी कोजी राहिली होती, ती पुढं केली.

दुसऱ्या दिवशी तिनं कुकर बाजूला सारला. मऊ भात केला, बोट जेमतेम टेकेल एवढा निववला, इवायांनी त्यात कोजी चोळून मिसळली, आणि बायकोनं तो हॉटपॉटमध्ये घालून वाकळेत गुंडाळून गच्चीवर उन्हात ठेवला. आंबोळीचं पीठ थंडीत ती असंच ठेवते. दोघंही दर थोड्या वेळानं जाऊन बोट लावून बघत होती, गार वाटलं की गरम पाण्याचं भांडं शेजारी सरकवत होती.

तिथं, गच्चीवर, तिनं लेकीला विचारायला लावलं. लेक नको म्हणत होती, पण ती ऐकेना. "विचार त्यांना. त्यांनी केलेली पिऊन कुणाचं घर बसलंय का?"

इवाई गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "असतील बसलेली. आमच्या गल्लीतच दोन होती. त्यातला एक माझ्याबरोबर काम करायचा."

त्यांनी समजूत घातली नाही, की साके तशी नसते असंही म्हणाले नाहीत. बायको वाकळेची घडी नीट करत राहिली. मग तिनं आपल्या भावाबद्दल सांगितलं. सायकलीवरच्या नारळांबद्दल सुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

ऊन उतरताना झाकण काढलं. भात विरघळून दाटसर पेज झाली होती. बायकोनं चमचाभर तोंडात घातली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "साखर कवा घातली?"

"कुणीच न्हाय घातली."

तिनं आणखी एक चमचा घेतला. मग खाली जाऊन शेजारच्या वहिनींना बोलावून आणलं. त्यांचं घर तीन पिढ्या दर्ग्याच्या वाटेवर शिवणकामात आहे, आणि आमच्याकडं काही नवं झालं की पहिली वाटी त्यांना जाते. वहिनी दारातच थबकल्या. जपानी पाहुणे काय करतात हे गल्लीभर झालेलं होतं.

"दारू न्हाय वहिनी," बायको म्हणाली, "माझ्या डोळ्यांपुढं झालीया. सकाळी भात हुता, आता गोड झालाय, एवढंच."

वहिनींनी चाखली. "या अल्ला, ही तर खीर हाय की! दुधाबिगर!" त्यांनी डब्यात भरून घरीही नेली. विहीणबाई, वहिनी आणि माझी बायको तिघी वाकळेवर बसून कितीतरी वेळ बोलत होत्या, तीन भाषांत. लेक भाषांतर करायचं सोडून खाली निघून गेली होती.

दुसरी बाटली मी पुढं महिनाभर पुरवली. आता बायको कोजी मागवते आणि दर थंडीत ती पेज करते. लेक अधूनमधून वेगवेगळ्या गावची साके पाठवते किंवा घेऊन येते, आणि मी एक कप, जेवणाआधी, घरीच घेतो. परवा एक नवी आली. मी तांब्या गरम पाण्यात ठेवला होता आणि बायको समोर शेंगा सोलत बसली होती. ती घेत नाही, कधी घेणारही नाही. पण तिनं हात पुढं केला.

"वास बघू दे."

कप नाकाशी नेऊन तिनं डोळे बारीक केले. "ही करणाऱ्यानं भात कच्चा ठेवलाय," म्हणाली, आणि कप मला परत देऊन शेंगा सोलायला लागली.